पाचवा पंप

"यंत्र एका दारानं गेलं आणि त्याची नळी दुसऱ्या दारानं, की मधे माणूस सापडतो. लक्षात ठेव, पोरी."

पक्कडकाका हे म्हणाले तेव्हा ती फोनवर सासूबाईंना विचारत होती की लेकीनं दूध किती घेतलं. काका हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करायचे. खिशात सदानकदा पक्कड, म्हणून पक्कडकाका. निवृत्तीला टेकलेला माणूस, प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे एक तरी सुविचार तयार असायचा. तिनं मान डोलावली, "हो काका, बघते," म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये शिरली. साठ मिली की सत्तर, यापेक्षा मोठा प्रश्न त्या घटकेला जगात नव्हता.

ती मोठ्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये कारकून. बीएस्सी झालेली, हिशेबी, नको तितकी सावध. गॅस बंद केल्यावर तीनदा बघणार, लेक झोपली की नाकाशी बोट धरून श्वास बघणार. दहा महिन्यांच्या पोरीच्या प्रत्येक खोकल्याची तिच्याकडे नोंद. अशा बाईच्या हातून चूक व्हायची ती नेमकी तिथे झाली, जिथे डोळ्यात तेल घालून बघायला हवं होतं.

वॉर्डात नवे सलाईनचे पंप आले होते. पंप म्हणजे काही मोठं धूड नव्हे, डब्याएवढं यंत्र. वर बाटली टांगायची, तिची नळी पंपाच्या दारात बसवायची, दार लावायचं, तासाला किती जावं तो आकडा टाकायचा. नवे आले तसे जुने पाच उरले. चालू होते, मोडीत काढायला जीव होईना. त्याच सुमारास शहरातली हॉस्पिटलं आणि सामान पुरवणारे दुकानदार यांनी मिळून फोनवर एक गट काढला होता. ज्याच्याकडे जादा सामान असेल त्यानं फोटो टाकायचा, ज्याला हवं असेल त्यानं हात वर करायचा. एकाच्या कोपऱ्यात धूळ खाणारी वस्तू दुसऱ्याच्या पेशंटला उपयोगी पडायची. गट चांगलाच होता, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पंपांसाठी हात वर केला तो नदीपलीकडच्या छोट्या हॉस्पिटलनं. तिथल्या इन्चार्ज सिस्टर म्हणजे तिची सख्खी थोरली नणंद.

दोघींचं बोलणं सात महिन्यांपासून बंद होतं. कारण सांगायला गेलं तर एवढंसं. लेक तीन महिन्यांची असताना ताई घरी आल्या होत्या. ही रोज सकाळी लेकीला काट्यावर ठेवते, आकडा वहीत लिहिते, हे त्यांनी पाहिलं आणि चार माणसांत म्हणाल्या, "वजन केल्यानं पोर वाढत नाही, बाईसाहेब. भाजीवालीसुद्धा एकच भोपळा रोज तोलत नाही." सगळे हसले. तिचा नवराही हसला. त्या हसण्याचा काटा तिच्या मनात रुतला तो रुतलाच.

आता पंप ताईंच्या नजरेला पडणार म्हटल्यावर तिच्या अंगात वारं शिरलं. जुनाट, डागाळलेलं काही गेलं तर ताई म्हणणार, भावजयीनं उष्टं पाठवलं. मग तिनं एक दुपार बसून ब्लेडनं पाचही पंपांवरच्या जुन्या चिकटपट्ट्या खरवडून काढल्या, स्पिरिटनं पुसले, आरशासारखे केले, आणि फोटो टाकला. पक्कडकाका त्या आठवड्यात रजेवर होते. खरवडलेल्या पट्ट्यांमध्ये प्रत्येक पंपाच्या पाठीवरची एक पिवळी पट्टी होती. कंपनीची अक्षरं पुसट झाली म्हणून काकांनी ती स्वतःच्या हातानं लिहिली होती: फक्त निळ्या क्लिपची नळी.

आणि निळ्या क्लिपच्या नळ्या? त्यांचे तीन सीलबंद खोके उरले होते. पण स्टोअरचा कायदा असा, की यंत्रं लाल वहीत आणि वापरून फेकायच्या वस्तू हिरव्या वहीत. या दोन वह्या म्हणजे एका घरात राहून एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा. लाल वहीतले पंप नदीपलीकडे गेले. हिरव्या वहीतल्या नळ्या त्याच गटावरून एका दुकानदारानं परत नेल्या. गाडीत खोके चढताना बघूनच काकांनी ते यंत्राचं आणि नळीचं वाक्य तिला ऐकवलं होतं.

एरवी तिनं उचलून एक फोन केला असता. ताई, याला अमुकच नळी लागते हं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण बोलणं बंद असलं की कागदच बोलतात, आणि पोचपावतीच्या कागदावर नळीचा रकाना नव्हता. तिनं शेऱ्यात लिहिलं, चालू स्थितीत. पलीकडून सही आली. ताईंनीही फोन केला नाही.

तीन आठवड्यांनी केला.

"मला मारायचं होतं तर सरळ विष पाठवायचंस," ताई म्हणाल्या. कशी आहेस नाही, पोर कशी आहे नाही. "माझ्या पेशंटच्या जिवावर का उठलीस?"

झालं होतं असं. त्यांच्या वॉर्डात एक आजीबाई होत्या, किडन्या आधीच थकलेल्या. आठ तास पुरायची बाटली पंपावर लावलेली. पलंग सरकवायचा म्हणून नर्सनं पंपाचं दार उघडलं. निळ्या क्लिपची नळी असती तर दार उघडताच क्लिप मिटली असती आणि थेंब थांबला असता. ही होती साधी नळी. दार उघडलं तशी बाटली नळासारखी वाहू लागली, नर्स पाठमोरी, चादर ओढत होती. दहा मिनिटांत अर्धी बाटली म्हातारीच्या शिरेत. तिला धाप लागली ती ऐकून ताई धावल्या आणि नळी बोटांनीच चिमटीत धरून उभ्या राहिल्या. आजीबाई वाचल्या. दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या.

चूक आपली हे कळायला तिला क्षणही लागला नाही. पण तोंडातून निघालं ते भलतंच. तुमच्या लोकांना डोळे नाहीत का, दार उघडायच्या आधी नळीवरचं चाक फिरवून बंद करायचं असतं, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. ताई म्हणाल्या की पंपाच्या पाठीवर एक अक्षर लिहिलेलं नाही, पाठ अशी गुळगुळीत की टक्कल बरं. ब्लेड तिचंच होतं.

काकांना सांगायला गेली तर त्यांनी मान वर केली नाही. कसलंसं झाकण उघडत होते. "पट्टी कुणी काढली?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी स्क्रू काढून झाकणात ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "पाच होते ना. पाचांची पाठ बघून ये. मला नंतर तोंड दाखव."

ती अर्धी रजा टाकून बसनं नदीपलीकडे गेली. ताईंचं हॉस्पिटल दोन मजली, जिन्यात फिनेलचा वास, वॉर्डाच्या तोंडाशी पांढऱ्या कपड्यांची खोली. ताईंनी तिला बस म्हटलं नाही. कपाट उघडलं. आत चार पंप ओळीनं ठेवलेले, प्रत्येकावर लाल शाईत लिहिलेला कागद: वापरू नये.

"पाचवा?" तिनं विचारलं.

ताईंनी पहिल्यांदाच नजर दुसरीकडे वळवली. त्यांच्याकडे पंप अडकवायचे स्टँड चारच. पाचवा नुसता पडून होता. गटावर एका दुकानदारानं विचारलं, घरी ठेवलेल्या पेशंटला भाड्यानं द्यायला पंप आहे का कुणाकडे? ताईंनी देऊन टाकला. आजीबाईंचा प्रकार घडण्याच्या आधीची, पाच दिवसांपूर्वीची गोष्ट.

"त्याला काही सांगितलंत?"

"मला कुणी काही सांगितलं होतं?"

म्हणजे आता कुठल्यातरी घरात, नर्स नाही, डॉक्टर नाही, अशा ठिकाणी तो पंप चालू होता. बाटली बदलायची म्हणजे दार उघडणं आलंच. दिवसातून दोनदा, तीनदा. आणि तिथे चिमटीत नळी धरायला कुणी ताई नव्हत्या.

दुकानदाराला सगळे गोडबोल्या म्हणत. जिभेवर साखर. दोघी मिळून त्याच्या दुकानात गेल्या, म्हणजे एकाच रस्त्यानं गेल्या, मधे दहा पावलांचं अंतर ठेवून. दोघी आत शिरल्या. समोरच्या फळीवर तिचेच तीन खोके, तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. सील न तोडलेले. हे खोके इथे, फूटभर अंतरावरून तो पंप बाहेर गेला, आणि कुणालाही दोघांची सोयरीक आठवली नाही.

गोडबोल्यानं आधी खुर्च्या दिल्या. विषय कळल्यावर त्याची साखर विरघळली. नळी ती नळी, तो म्हणाला, आतून पाणी जातं ना? त्यानं पंपासोबत साध्या नळ्यांचं पाकीट दिलं होतं. माल मॅडमच्या हॉस्पिटलचा, पुढे दिला सिस्टरनी, आपण फक्त मधले.

"मधले म्हणजे पूल आहात का, लोकांनी वरून चालत जायला?" ताई म्हणाल्या.

पत्ता मागितला तर म्हणाला, पेशंटची माहिती गुप्त असते. मग खरं ते बाहेर आलं. घरच्यांना आता असं काही सांगितलं तर घाबरतील, तक्रार करतील, त्याचा परवाना जाईल. पाच दिवस झाले, एक फोन नाही. तक्रार नाही त्या अर्थी सगळं सुरळीत आहे.

"तक्रार करायला माणूस उरावा लागतो," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

ताईंनी वाद घातला नाही. टेबल ओलांडून हात घातला, पावतीपुस्तक उचललं आणि पानं उलटायला लागल्या. गोडबोल्या उठला, पण वॉर्डात तीस वर्षं काढलेल्या बाईच्या हातातून पुस्तक ओढायची त्याची छाती झाली नाही. पावती सापडली. पंप एक. वडिलांसाठी. दुसरा मजला. खाली मोबाईल नंबर. नाव नाही, गल्ली नाही.

नंबरात आकडे नऊच होते.

गोडबोल्यानं स्वतःच्याच हातानं लिहिला होता. एक आकडा कुठेतरी गळलेला. त्याला एवढंच आठवत होतं: बाई घाईत होती, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, म्हणाली की म्हाताऱ्याच्या हृदयात दम नाही, अन्न चालत नाही, म्हणून घरीच बाटल्या लावतो. ती कामावर गेली की शेजारच्या मावशी बाटली बदलतात.

एक आकडा गळला असेल तर तो दहा जागांपैकी कुठेही असेल, आणि शून्यापासून नऊपर्यंत कुठलाही. तिनं पावतीच्या मागे मांडणी केली. पुन्हा पुन्हा येणारे वगळले की एक्क्याण्णव नंबर होतात. ताईंनी विचारलं, नक्की? ती म्हणाली, बीएस्सी फुकट नाही झाले. ताई म्हणाल्या, पंप पाठवताना कुठे ठेवली होतीस ती बीएस्सी.

परत ताईंच्या हॉस्पिटलात येऊन, कपड्यांच्या खोलीत, चादरींच्या दोन ढिगांवर दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. पंचेचाळीस तिच्या वाट्याला, शेहेचाळीस ताईंच्या. जास्तीचा एक ताईंनी हिसकावल्यासारखा घेतला. प्रत्येकाला तेच विचारायचं: तुमच्या घरी वडिलांना सलाईनचा पंप लावलाय का? एकानं विचारलं, कुठल्या कंपनीतर्फे बोलता, आम्हाला काही नको. एक बाई म्हणाली, वडील जाऊन दहा वर्षं झाली, आता आठवण झाली का तुम्हाला? एका म्हाताऱ्यानं स्वतःच उचलला. मुलगी आहे का, विचारलं तर म्हणाला, आहे पण ती विचारत नाही, तुम्ही कोण? त्याचा फोन ठेववेना. ताईंनी मागून कोपर मारलं, पुढचा लाव.

मधेच सासूबाईंचा फोन आला. लेकीला थोडं गरम लागतंय, कधी येतेस? थर्मामीटर लावा, तिनं सांगितलं, आणि आकडा कळवा. फोन ठेवला तशा ताई भिंतीकडे तोंड करून बोलल्या.

"रोज पोरीचं वजन करतेस. नखातली धूळसुद्धा तपासतेस. आणि पाच यंत्रं नुसती चकचकीत करून सोडून दिलीस. कुणासाठी? मला दाखवायला?"

"हो," ती म्हणाली. "तुम्हालाच दाखवायला."

ताईंनी पुढचा नंबर फिरवला. तिनंही.

संध्याकाळी हिशेब लागला. त्र्याहत्तर जणांनी नाही म्हटलं, अकरा नंबर अस्तित्वातच नव्हते, सात जणांनी उचललाच नाही. त्या सातांना निरोप लिहून पाठवले. ताई उठल्या, चादरींची घडी नीट केली आणि राउंडला गेल्या. ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

घरी लेकीचा ताप उतरला होता. तिनं तरी तीनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी केबिनमध्ये बोलावलं. गोडबोल्या आधीच येऊन कान भरून गेला होता. लेखी काही करायचं नाही, ते म्हणाले. पंप आपल्या वहीतून कायदेशीर बाहेर पडला, पुढचं पुढच्यांनी बघावं. गटावर बोंब मारलीत तर उद्या कुणी जादा सामान देणार नाही, आणि तुमच्या नोकरीचं मी काही सांगू शकत नाही. तिनं विचारलं, सर, तुमचे वडील कितव्या मजल्यावर राहतात? ते म्हणाले, तुम्ही जाऊ शकता.

ती जागेवर आली आणि गटावर सगळं लिहिलं. पट्टी आपण खरवडली हेही लिहिलं. गटाचा मालक कोण, तर गोडबोल्या. दोन मिनिटांत मजकूर पुसला गेला आणि तिसऱ्या मिनिटाला तिला गटातून काढलं. दुपारी ती पोलीस चौकीत गेली. टेबलामागच्या माणसानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मेलंय का कुणी? नाही, म्हणजे माहीत नाही, ती म्हणाली. मग तक्रार कशाची लिहू, त्यानं पेन खाली ठेवलं. पक्कडकाकांनी तेवढी एक गोष्ट केली: गोडबोल्याच्या दुकानात जाऊन तिन्ही खोके उचलून आणले. कसे आणले ते सांगितलं नाही, पण शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं. खोके तिच्या टेबलाखाली ठेवून म्हणाले, घर सापडलं की लगेच ने. मग आपल्या कामाला गेले, तिच्याकडे न बघता.

सातांपैकी तिघांचे उलट फोन आले. ते नव्हते. चार उरले. ती रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी चारही नंबर लावते. दोन वाजत राहतात, दोन बंद. संध्याकाळी बरोबर सहाला ताईंचा फोन येतो. लागला का, त्या विचारतात. नाही, ती सांगते. की लगेच फोन ठेवला जातो. पोरीची चौकशी अजूनही नाही. तिचंही त्यावाचून काही अडलेलं नाही.

आज पंपाला त्या घरात जाऊन नववा दिवस. दिवसाला तीन बाटल्या धरल्या तर सत्तावीस वेळा ते दार उघडलं असणार. सत्तावीस वेळा मावशींनी आपसूक चाक आधी बंद केलं असेल, असं ती स्वतःला सांगते. मावशी शहाण्या असतील. त्यांचा नवरा कंपाउंडर असेल, त्यांनी बघितलं असेल. असं म्हणत म्हणत तिचा डोळा लागतो आणि अठ्ठावीस म्हणून उघडतो.

म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर कुणी आजोबा अंथरुणावर असतील, मुलगी ऑफिसला जात असेल, आणि पलंगाशी करड्या रंगाचा एक पंप बाटलीखाली अडकवलेला असेल, तर एकदा वर जाऊन या. ओळख नसली तरी जा. बेल वाजवा. लोक काय म्हणतील याचा विचार नंतर करा. नळीवर निळी क्लिप आहे का बघा. नसेल तर पंपाचं दार कुणाला उघडू देऊ नका, नळीवरचं चाक फिरवून घट्ट बंद करा आणि नर्सला नाहीतर डॉक्टरला बोलवा. आजोबा बोलत असतील तर त्यांना विचारा की धाप लागते का, पाय सुजलेत का. बोलत नसतील तर त्यांच्या छातीकडे बघा, श्वास चालू आहे ना ते. मग मोठ्या हॉस्पिटलच्या स्टोअरला फोन करा. ती तिथे असते, आणि फोन पहिल्याच घंटीला उचलते.